घरच्या जेवणाची आठवड्याची आखणी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूर भागांत ऊंस, द्राक्षें व भाजीपाला मुबलक पिकतो. पण पिकविणाऱ्याच्या ताटांत त्यांपैकीं किती उतरतें, हें सहसा कोणी पाहत नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्यांत दुसऱ्यांच्या पिकांच्या नोंदी लिहिण्यांत गेलें. गेल्या वर्षीं सूनबाईंचें रक्त कमी असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां प्रथमच आम्हीं आठवडाभर स्वतःच्या स्वयंपाकघराची नोंद ठेविली. रोज गव्हाची चपाती, चार वेळां बटाटा आणि पालेभाजी एकदांच! त्याच आठवड्यांत आमच्याच वाफ्यांतील मेथीच्या जुड्या जळोचीच्या भाजीबाजारांत गेल्या होत्या.

यांत स्वयंपाक करणारीचा दोष नव्हता. 'आज काय करावें' हा प्रश्न दिवेलागणीस पडला म्हणजे हाताशीं असेल तेंच शिजतें. आमचें घर अपवादही नव्हतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं सुचविलेल्या सुमारें २००० उष्मांकांच्या दिवसाच्या आहारांत धान्य २५० ग्रॅम, तर भाज्या ४०० ग्रॅम आहेत, व त्यांत १०० ग्रॅम पालेभाजी. शिवाय डाळी-कडधान्यें ८५ ग्रॅम. कष्टकऱ्यास धान्य अधिक लागेल हें खरें. तरीही भाजीचें वजन धान्याहून जास्त, हें वाचून आम्ही चपापलों.

आखणीचा आरंभ गिरणीपासून करावा. बाजरींत स्निग्धांश अधिक असल्यानें तिचें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते व भाकरी थापतांना फाटते. म्हणून आठवड्यापुरतेंच दळावें. लोहाचें प्रमाण अधिक असलेलें 'धनशक्ती' हें बाजरीचें वाण २०१२ सालीं महाराष्ट्राकरितां प्रसारित झालें; घरापुरती त्याची एक पट्टी पेरणें जड नाहीं.

मटकी, हुलगा वा मूग रात्रीं भिजवून सकाळीं उपसावे व ओल्या फडक्यांत बांधावे. उन्हाळ्यांत दुसऱ्या दिवशीं मोड येतात, थंडींत आणखी एक दिवस धरावा. मोड आल्यानें लोह अंगीं लागण्यास अडथळा करणारा दाण्यांतील अंश कमी होतो. उसळीवर लिंबू पिळावें. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊं नये, तो लोह शोषूं देत नाहीं. (ही संवय सोडणें आम्हांस सर्वांत कठीण गेलें.)

बाजारानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मेथी, शेपू, तांदुळजा संपवावा. मग गवार, दोडका. टिकणारा भोपळा व हुलग्याचे शेंगोळे आठवड्याच्या शेवटास. ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांनीं दोन वाफे घरखर्चाचे म्हणून राखावे, दहा दिवसांच्या अंतरानें पेरावे आणि त्यांतील जुडी बाजारांत धाडूं नये.

हा सारा भार सूनबाईंवर टाकल्यास आखणी चार दिवसही टिकणार नाहीं. दळण आणणें व मेथी निवडणें आम्हीं आपल्याकडे घेतलें. पहिल्या दिवशीं घरांत पुष्कळ हसूं झालें. ऊसतोडीच्या धांदलींत पंधरा दिवस कागद भिंतीवर नुसताच लटकत राहिला, पुढें पुन्हां सुरू केला. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत. रक्ताची पुढील तपासणी संक्रांतीनंतर आहे.