तुळशीची भावकी

संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी या नद्या मिळतात. तिथल्या वाडीवाडीत, घरापुढल्या खळ्यात तुळस असतेच. आपण तिला रोज पाणी घालतो. पण तिच्याकडे नीट पाहतो का? आज पाहू या.

तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल नाही, चौकोनी आहे. चार कडा बोटांना लागतात. पाने जोडीने येतात, समोरासमोर. खालची जोडी पूर्व-पश्चिम असली, तर वरची दक्षिण-उत्तर. त्यामुळे खालच्या पानांनाही ऊन मिळते.

मंजिरीतले फूल इवलेसे असते. त्याला वरचा ओठ आणि खालचा ओठ असतो. फूल गळते, पण त्याची हिरवी वाटी तशीच राहते. त्या वाटीत बिया धरतात, फार तर चार. वाळकी मंजिरी तळहातावर चोळा आणि बिया पाहा.

सब्जा, पुदिना, पानओवा ही सारी याच भावकीतली. पार युरोपात भूमध्य समुद्राच्या बाजूला या भावकीचे आणखी एक झाड होते. त्याच्या पानांना लिंबाचा वास येतो. त्याचे नाव मेलिसा. ग्रीक भाषेत मेलिसा म्हणजे मधमाशी. मधमाश्यांना ते फार आवडते.

लिंबाचा वास तर आपल्या गवती चहालाही येतो! मग तोही भाऊबंद का? नाही. दोघांच्या तेलात सिट्रल नावाचे एकच द्रव्य असते, म्हणून वास जुळतो. पण गवती चहा हे गवत. त्याचे नाते भाताशी आणि नाचणीशी. वासावरून भावकी ठरत नाही, बरं का.

हा वास ठेवलेला कुठे असतो? पानावर तेलाच्या अगदी बारीक पिशव्या असतात. पान चोळले की त्या फुटतात.

आता घाणेरी पाहा. काही लोक तिला टणटणी म्हणतात. तिचीही काडी चौकोनी, पाने समोरासमोर, वासही उग्र. पण ती या भावकीतली नाही. तिच्या काडीला बारीक काटे असतात. फुलांचे रंगीत झुबके येतात. मग फळांचे घोस धरतात. ती हिरवी फळे पिकून काळी होतात. तुळशीला असे रसाळ फळ कधीच धरत नाही.

ही ओळख हवीच. घाणेरीचा पाला विषारी आहे. उन्हाळ्यात चारा संपला की उपाशी गुरे तो खातात. मग त्यांना कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते. तिची हिरवी फळे मुलांनाही बाधतात. काढ्याला पाला आणाल तेव्हा काडी, फूल आणि फळ तिन्ही पाहा. गुराने घाणेरी खाल्लीसे वाटले, तर त्याला आधी सावलीत बांधा आणि लगेच गुरांच्या डॉक्टरला बोलवा.