भूगर्भाची हालचाल आणि शेतातील माती : चेन्नई किनाऱ्यावरील त्सुनामीचा धडा

२६ डिसेंबर २००४, रविवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या वायव्येस समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. चेन्नईत काही ठिकाणी सौम्य धक्के जाणवले. मात्र मरीना किनाऱ्यावरील सकाळचा दिनक्रम सुरूच राहिला. सुमारे अडीच तासांनी समुद्र किनारा ओलांडून आत शिरला. एकट्या तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली व त्यांतील बहुसंख्य नागपट्टिनम जिल्ह्यातील होती. पाणी ओसरल्यावर मागे उरली ती हजारो हेक्टर खारावलेली शेती. मृतांच्या शोकात या जमिनीकडे प्रथम फारसे कोणाचे लक्ष गेले नाही; परंतु वाचलेल्या कुटुंबांचा पुढील उदरनिर्वाह तिच्यावरच अवलंबून होता.

भूपट्टांची सरकण

पृथ्वीचे कठीण बाह्य आवरण अखंड नसून अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने सरकतात. सुमात्रा-अंदमान पट्ट्यात भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत जातो. दोन्हींच्या सांध्यावर घर्षणामुळे ते एकमेकांत अडकतात, ताण साचत राहतो आणि सांधा अचानक सुटला की भूकंप होतो. २००४ मध्ये हा सांधा सुमारे १,३०० किलोमीटर लांबीत तुटला. समुद्रतळ काही ठिकाणी उचलला गेला, काही ठिकाणी खचला व त्यावरील संपूर्ण जलस्तंभ हलला. तीच त्सुनामी होय. खोल समुद्रात तिचा वेग ताशी सातशे किलोमीटरहून अधिक असतो. उथळ पाण्यात वेग घटतो आणि लाटेची उंची वाढते.

या एका घटनेने भूरूपही बदलले. भारताचे दक्षिणतम टोक असलेला ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला आणि तेथील दीपस्तंभाचा पायथा पाण्याखाली गेला. याउलट उत्तर अंदमानात प्रवाळांचे काही भाग उचलले जाऊन उघडे पडले.

ज्वालामुखी : विनाशक आणि मृदाजनक

याच पट्ट्यात, अंदमान समुद्रात, बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. खाली जाणाऱ्या भूपट्टातील पाणी तापून वरच्या प्रावरणात मिसळते. त्यामुळे तेथील खडकाचा वितळणबिंदू कमी होतो, शिलारस तयार होतो आणि वर चढतो.

महाराष्ट्राची जमीन मात्र वेगळ्या प्रकारच्या उद्रेकातून घडली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्या काळ्या पाषाणाची दीर्घकाळ झीज होऊन आपली काळी कसदार जमीन बनली. चुना व मॅग्नेशियम यांनी समृद्ध, ओलाव्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती त्या अग्नीचीच देणगी आहे. हे पठार स्थिर भासले तरी ताणमुक्त नाही, याची जाणीव कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) येथील भूकंपांनी करून दिली आहे.

खारावलेली जमीन पुन्हा उभी राहते कशी?

समुद्राचे पाणी शेतात शिरले की दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले तात्काळ : मातीतील द्रावणाची क्षारता वाढल्याने ओलावा असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही. गांडुळांसारखे मृदाजीवही मरतात. दुसरे नुकसान हळूहळू होते : सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतो, कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि निचरा थांबतो. जमीन क्षारयुक्त न राहता चोपण होऊ लागते.

म्हणूनच उपायाआधी परीक्षण हवे. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, परंतु सामू ८.५ पेक्षा कमी व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून कमी असेल, तर जमीन क्षारयुक्त समजावी. तेथे प्रथम मिठाचा गाळाचा थर खरवडून बाहेर काढावा, बांधबंदिस्ती करून पावसाचे गोडे पाणी साठवावे आणि चर काढून ते निचऱ्याद्वारे बाहेर सोडावे. अशा जमिनीत सरसकट जिप्सम टाकणे हा अनावश्यक खर्च होय. सोडियमचे प्रमाण मर्यादेपलीकडे असल्यास मात्र जिप्समचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. पण त्यानंतरही सोडियम धुऊन नेणारे पाणी व चालता निचरा आवश्यकच असतो. धैंच्यासारखे हिरवळीचे खत मातीची घडण सुधारते.

तमिळनाडूच्या वाळूमय जमिनींतील क्षार पावसाने तुलनेने लवकर धुतले गेले. त्रिभुज प्रदेशातील चिकण जमिनींना अधिक काळ लागला. किनाऱ्यालगतच्या विहिरींचा प्रश्न वेगळाच होता. खारे पाणी उपसून टाकण्याच्या घाईत अतिउपसा झाल्यास समुद्राचे पाणी भूजलात आणखी आत ओढले जाते.

कोकणासाठी अर्थ

हा धोका केवळ पूर्व किनाऱ्याचा नाही. १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. त्याहून नेहमीचे संकट म्हणजे उधाणात खारबंदिस्तीला खांडी पडून भातशेतीत शिरणारे पाणी. तेथे मातीचे शास्त्र तेच राहते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने विकसित केलेल्या क्षारसहनशील भातजातींचा आधार अशा वेळी घेता येतो. तसेच कडलूर परिसरातील त्सुनामीनंतरच्या अभ्यासात, २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, कांदळवने व सुरूच्या पट्ट्यामागील वस्त्यांचे नुकसान कमी आढळले. कांदळवन हे पडीक क्षेत्र नसून शेताचे पहिले कुंपण आहे.

भूपट्टांची हालचाल रोखणे मानवाच्या हाती नाही. ज्या शक्तीने काळी माती दिली, तीच शक्ती काही मिनिटांत शेत खारवू शकते. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या किनारी गावांतील मातीची विद्युत वाहकता व सामू यांची नोंद संकट येण्याआधीच करून ठेवावी. नंतर किती बिघडले आणि किती सुधारले, हे त्या नोंदीशी तुलना केल्याशिवाय कळणार नाही.