पाय न टेकवता

बुलेटला किक मारण्याचा एक विधी होता. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँपिअरचा काटा बरोबर मध्यावर आणायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्पची दांडी ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सणसणीत लाथ. घाई केली की किक उलटी यायची आणि आठवडाभर नडगी सुजायची. हा विधी मी १९९४ साली भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात शिकलो. गाडी १९७१ची, सहा व्होल्टची, गिअर उजव्या पायाला. रात्री तिचा हेडलाइट देवघरातल्या समईएवढाच उजेड द्यायचा.

गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल आणि कोपऱ्यात शेगडी. मालक मूळचे कोल्हापूरचे टर्नर, तिथे जमणारे आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. आजूबाजूला सगळी स्टीलच्या भांड्यांची कामं. दिवसभर प्रेस धडधडायचे, बफिंगच्या चाकांची काळी भुकटी हवेत असायची. दुचाकीचं काम मामा करायचे ते केवळ हौस म्हणून. पोट भरायचं ते भांड्यांच्या डाय दुरुस्त करून.

ट्रायल्स नावाचा खेळ आम्हाला भेटला तो रद्दीत. एका इंग्रजी मासिकाच्या फाटक्या पानावर फोटो होता: दगडगोट्यांच्या ओढ्यात एक माणूस फुटरेस्टवर ताठ उभा, गाडी जवळपास थांबलेली आणि खाली एंजिन आमच्याच गाडीचं. हा खेळ वेगाचा नाही हे समजायलाच आम्हाला वेळ लागला. दगड, चिखल, चढण असा छोटासा टप्पा आखलेला असतो आणि तो पाय न टेकवता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीनच. गाडी बंद पडली किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेली की थेट पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये ही सहा दिवसांची स्पर्धा १९०९पासून चालत आली आहे. आपल्याकडे मोटोक्रॉसला पुण्या-नाशकात गर्दी लोटायची, पण ट्रायल्स काही रुजला नाही. हळू चालणाऱ्या गाडीला टाळ्या वाजवायची आपल्याला सवय नाही. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आपण रोज तेच करतो, हे वेगळं.

आणि गंमत अशी की आपली बुलेट घडली ती याच खेळात. मागे शॉकअप असलेलं तिचं नवं रूप पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते फेब्रुवारी १९४८मध्ये, इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. त्याच वर्षी इटलीतल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटवाल्यांनी सुवर्णपदकं मिळवली. पुढे जॉनी ब्रिटननं ३५० बुलेटवर १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली. आपल्या लष्करानं सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी उचलली, मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना आला, आणि इंग्लंडमधलं उत्पादन बंद पडल्यावरही आपल्याकडे ती बनतच राहिली. आपण मात्र तिला फौजदाराची गाडी म्हणूनच ओळखलं. दगडावर चढण्यासाठी घडवलेल्या यंत्राला आपण मिरवणुकीत पुढे लावलं.

या कामाला तिचं एंजिन सोन्यासारखं. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर आणि जड फ्लायव्हील. त्यामुळे अगदी कमी फेऱ्यांवरही ती न अडखळता ओढते. अडचण दोन गोष्टींची: वजन आणि गिअर. पहिला गिअर दगडांसाठी फार धावरा. स्प्रॉकेट बदलायचं तर मागे हात घालता येत नाही, कारण जुन्या बुलेटचं मागचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रममध्येच ओतलेलं असतं. म्हणजे बदलायचं पुढचं, आणि ते बसलेलं क्लचच्या मागे. प्रायमरी केस उघडा, तेल काढा, चेन सोडा, क्लच उतरवा, तेव्हा कुठे ते दिसतं. दोन दातांसाठी अख्खा रविवार. मामांनी ते स्वतः कापून दिलं. पहिलं आठवड्यात झिजलं, कारण लोखंड कच्चं होतं. दुसऱ्याला बाहेरून पाणी पाजून आणलं, ते आजही गाडीत आहे.

टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते, हे मासिकात वाचलेलं. दहा पौंडांवर आणली, आणि पहिल्याच चढणीवर टायर रिमवर गरकन फिरला. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटला. मग कळलं की रिमला आतून टायर पकडून ठेवणारा बोल्ट लागतो. तो बाजारात मिळेना, म्हणून तोही लेथवर.

एंजिनखालच्या पत्र्याची कथा सांगायला आजही लाज वाटते. शेजारच्या गाळ्यात ताटांच्या पत्र्याची कात्रणं ढिगानं पडलेली असायची. फुकट आणि चकचकीत. त्यातून आम्ही सुंदर गार्ड वाकवला, बफिंगवर आरशासारखा चमकवला. पहिल्याच दगडावर तो असा चेपला की त्यात आमटी वाढता आली असती. मामा हसले नाहीत, फक्त म्हणाले, "ताट हे जेवायला असतं रे." पुढे कुर्ल्याच्या भंगारातून ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणली. ती टिकली. पण भाईंदरच्या भांडीवाल्यांचे उपकार आहेतच: तडकलेल्या क्रँककेसला आर्गन वेल्डिंग करणारा कारागीर तिथेच मिळाला, आणि आमच्या एंजिनचं कव्हर ज्या चाकावर चमकलं त्याच चाकावर अर्ध्या मुंबईचे कुकरही चमकले असतील.

आमच्यातल्या एकाकडे येझदी होती, टू-स्ट्रोक. सॅमी मिलरनं १९६५ साली बुल्टाको या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर स्कॉटलंड जिंकलं, आणि जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरले. आमचा येझदीवाला हे वर्ष आम्हाला उठताबसता ऐकवायचा. चढणीवर तो खरंच आमच्या पुढे जायचा. पण १९९६मध्ये येझदीचा म्हैसूरचा कारखाना बंद झाला आणि त्याची रडारड सुरू झाली. पिस्टन कुठे, क्लचप्लेट कुठे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार आणि रविवार, मुंबईत चोरबाजार. जे मिळालं नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना पाठवून करवून घेतलं. बुलेटवाले आम्ही तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. आता वाटतं, सुटे भाग मिळेनासे झाले म्हणूनच येझदीवाल्यांना आपली गाडी आमच्यापेक्षा नीट कळली.

त्याच १९९६ साली मी एक चूक केली. मासिकातल्या त्या फोटोतल्या गाडीचा मागचा भाग आखूड होता. म्हणून सीटच्या मागे मडगार्ड धरणारा फ्रेमचा भाग मला नकोसा झाला. मामांना विचारलं, "मामा, हे कापू या का?" ते म्हणाले, "गाडी तुझी. पण कापायला दोन मिनिटं लागत्यात, परत जोडायला माझ्याकडं यायचं नाही." मी कापला. मडगार्ड भंगारवाल्याला किलोवर दिलं. साडेतीन किलो वजन कमी झालं म्हणून चहा पाजला सगळ्यांना.

आम्ही चालवायचो ते मिठागरांच्या बांधांवर आणि उत्तनकडच्या खडकाळ माळांवर. मिठागराचा बांध म्हणजे उत्तम शाळा: रुंदी हातभर, दोन्ही बाजूंना चिखल, पाय टेकवायला जागाच नाही. फक्त खारी हवा. रविवारी चालवलेली गाडी सोमवारी धुतली नाही तर गुरुवारी स्पोकवर तांबूस बुरशी. आम्ही डिझेल आणि ग्रीसची फडकी फिरवायचो. शहरानं मग बांध गिळले. २००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती ५ लाख २० हजार होती, २०११मध्ये ८ लाख ९ हजार. मधल्या २००२ साली नगरपरिषदेची महापालिका झाली. जिथे आम्ही तोल शिकलो तिथे आज पार्किंगवरून भांडणं होतात.

२६ जुलै २००५ला गाळ्यात कमरेपर्यंत पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी बुलेटच्या तेलाचा बोल्ट सोडला, तर खालच्या पातेल्यात आधी गढूळ पाणी आलं आणि मग पांढरट, घट्ट, दुधाच्या चहासारखं तेल. रॉकेलनं धुतलं, नवं तेल भरलं, शंभर मीटर चालवलं, पुन्हा काढलं. असं चार वेळा. पाचव्या खेपेला तेल तेलासारखं दिसलं. जुन्या गाडीचा मोठा गुण हाच: तिच्यात बुडून खराब होण्यासारखं फार काही नसतं. पॉइंट पुसले, कंडेन्सर नवा टाकला, अँपिअरचा काटा मध्यावर आणला, आणि ती सुरू झाली. त्या दिवसांत नवी गाडी बुडालेले लोक महिनाभर सर्व्हिस सेंटरच्या रांगेत होते.

गेल्या दहा वर्षांत सुट्या भागांचं चित्र उलटं झालं. जुन्या बुलेटचं जे लागेल ते कुरिअरनं घरी येतं. २०१९च्या मार्चमध्ये कंपनीनं स्वतःच बुलेट ट्रायल्स नावाचं मॉडेल काढलं: उंच सायलेन्सर, खडबडीत टायर, आखूड मडगार्ड, जॉनी ब्रिटनच्या गाडीच्या आठवणीत. वर्षभरातच ते बंद झालं. २०१९च्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. म्हणजे आम्ही गाळ्यात करत होतो ते कंपनीनं केलं तर मॉडेल, आम्ही केलं तर गुन्हा. कायद्यावर माझा राग नाही. रस्त्यावर कर्कश सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांनीच ही वेळ आणली.

पण खरा फटका बसला २०२१मध्ये. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम आला. नंबरात व्हीए ही अक्षरं, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. माझी बुलेट त्याच वर्षी पन्नाशीची झाली. मी नियम वाचायला घेतला आणि एका ओळीवर थांबलो: गाडी मूळ स्वरूपात हवी. म्हणजे ते कापलेलं शेपूट परत हवं.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते हवेतली ओल शोषतं आणि भाईंदरला ओलीची काय कमी? दोन महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, कार्बुरेटरमध्ये हिरवट साय धरते, जुने रबरी पाईप फुगून मऊ पडतात. मी पाईप बदलले, पंधरा दिवसांत गाडी चालवणार नसेन तर पेट्रोलचा नळ बंद करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. पावसाळ्याआधी टाकीही रिकामी करतो.

मामा आता नाहीत. लेथ त्यांच्या मुलानं विकली. गाळ्यात आज कुरिअरचं गोदाम आहे.

तुमच्याकडे जुनी बुलेट, येझदी, राजदूत काहीही असेल आणि तिला दगडांवर न्यायची हौस असेल तर जरूर न्या. पण जे बोल्टनं निघतं तेवढंच काढा. मडगार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका, त्यावर गाडीचा नंबर लिहा. करवत लावू नका. आणि १९७१च्या आसपासची, मागचा भाग शाबूत असलेली बुलेट कुणाकडे असेल, तर मला एक दुपार टेप आणि वही घेऊन तिच्याशेजारी बसू द्या. गाडी विकत नको, फक्त त्या मागच्या भागाचं माप हवं आहे.