तालीम सुटली, खुराक राहिला



लागण, खते, पाणी यांविषयी या अंकातून नेहमी लिहिले जाते. आज उसाच्या मालकाविषयी थोडे लिहावयाचे आहे.

आपल्यातले बरेचजण पोरवयात तालमीत जात होते. लग्न झालं, पोरंबाळं झाली, तालीम सुटली. खुराक मात्र तसाच राहिला. वडिलांच्या काळी नांगर धरणे, दारं धरणे, रानात पायी जाणे यातच अंग मोडत होते. आज नांगरट ट्रॅक्टरने, अन् बांधापर्यंत मोटारसायकल. "आम्ही शेतकरी, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" असे म्हणण्यापूर्वी काल आपण स्वतः किती चाललो, याचा प्रामाणिक हिशेब करावा. पोराला सायकल शिकवताना वीस पावलं पळून धाप लागली, की हा हिशेब आपोआप समजतो.

असे का होते? तिशी-चाळिशीनंतर न वापरलेले स्नायू हळूहळू झडू लागतात. जेवण तेवढेच, खर्च कमी. मग शिल्लक चरबी होऊन पोटावर बसते. हीच चरबी पुढे मधुमेह व रक्तदाबाला वाट करून देते. बेंबीच्या थोडे वर टेप लावून पाहावे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या वर गेली, तर ती धोक्याची खूण समजावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवावा.

मात्र जुनी ताकद आठवून पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारू नयेत. गुडघा किंवा कंबर धरते आणि व्यायाम कायमचा सुटतो. पहिले दोन आठवडे फक्त चालावे. नंतर दहा बैठका आणि भिंतीला हात टेकून दहा जोर, एक दिवसाआड. सवय झाल्यावर सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो यासाठीच. त्याला ना पैसा लागतो, ना साहित्य. सतरंजीएवढी जागा पुरे.

आता एक गोष्ट साखर कारखान्याच्या अंकात लिहिणे अवघड, पण लिहिलीच पाहिजे. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमच्याला चार ग्रॅम धरले, तर ४८ ग्रॅम झाली. दोन हजार कॅलरींच्या आहाराला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असल्यास उत्तम. म्हणजे नुसत्या चहातच मर्यादा संपली! गूळ घातला तरी हिशेब तोच. साखर पिकवावी, विकावी. पण चहा तीन कपांवर आणि चमचा एकावर आणावा. तंबाखू तर सोडावीच.

चाळिशीपुढच्यांनी सुरुवातीला रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. आधीचा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावे. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम आल्यास "पित्त असंल" म्हणून घरी बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुर्लक्ष केलेला खोडवा एका आठवड्यात सुधारत नाही. नांग्या भराव्या लागतात, वेळेवर खत-पाणी द्यावे लागते, मग तो फुटतो. शरीराचेही तसेच आहे. फरक एवढाच, की ऊस मोडून नवी लागण करता येते. घरच्या कर्त्या माणसाची करता येत नाही. तेव्हा उद्या सकाळी मोटारसायकल दारातच राहू द्यावी, पोराला बरोबर घ्यावे आणि रानापर्यंत पायी जावे.