कार्ड पुसू नका, आधी थांबा!

समजा, शाळेचे स्नेहसंमेलन नुकतेच पार पडले आहे. कॅमेऱ्याच्या कार्डात २०० फोटो आहेत. कुठे लेझीम, कुठे नाटकातला सुटलेला फेटा, कुठे बक्षीस घेताना लाजलेली तुमची मैत्रीण! तुम्ही कार्ड संगणकाला जोडता, फोटोंचा प्रोग्रॅम उघडता आणि 'इम्पोर्ट'चे बटण दाबता. पण पडद्यावर दिसतात नुसत्या करड्या चौकटी! नाहीतर कामाची पट्टी मध्येच अडून बसते, हलायचे नाव घेत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणते, "कार्ड बिघडलंय. फॉरमॅट करून टाक!"

थांबा! बाकी काहीही करून पाहा, पण कार्ड पुसू नका. संमेलन काही पुन्हा होणार नाही. आणि गंमत अशी, की फोटो दिसत नसले तरी बहुतेक वेळा ते जागच्या जागी असतात. कसे ते पाहू या.

पडद्यामागे काय चालते?

फोटो संगणकात आले की काम संपले, असे आपल्याला वाटते. तसे नसते बरं का! 'डिजिकॅम' हा एक मोफत मिळणारा प्रोग्रॅम आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो चालतो. कार्डावरून फोटो आणताना तो आधी फायलींच्या नकला तुमच्या फोल्डरात ठेवतो. मग प्रत्येक फोटोचे नाव, तारीख वगैरे एका वेगळ्या फायलीत लिहून घेतो. ही झाली त्याची हजेरीवही. याशिवाय फोटोंची छोटी छोटी चित्रे तयार करणे, सांगितले तर चेहरे ओळखणे, अशी कामे तो मागच्या मागे करत राहतो.

लग्नाची पंगत आठवा. पुढे वाढप चालू असते आणि मागे मुदपाकखान्यात दुसरा घाणा तळला जात असतो. जिलबी पानात आली नाही म्हणजे ती केलीच नाही, असे आपण म्हणतो का? इथेही तेच. मुलगा वर्गात येऊन बसला आहे, फक्त त्याची हजेरी लागायची आहे!

म्हणून पहिला प्रश्न हा, की फोटो आले नाहीत की नुसते दिसत नाहीत? त्यासाठी फोटोंचा प्रोग्रॅम बाजूला ठेवा आणि साधे फोल्डर उघडा. डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डात 'डीसीआयएम' नावाचे फोल्डर असते, त्यात तुमचे फोटो असतात. तिथल्या फायली मोजा. मग संगणकातल्या फोल्डरातल्या मोजा. दोन्हीकडे २०० भरले, तर नक्कल झालेली दिसते. आता फक्त मागची कामे पुरी व्हायची आहेत.

नेहमीचे घोळ

फोन दिसतच नाही? फोनचे कुलूप उघडा आणि पडद्यावरच्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तरीही दिसत नसेल, तर केबल बदलून पाहा. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, फोटो नाही!

आजचे फोटो आजच्या तारखेत नाहीत? कॅमेऱ्याचे घड्याळ तपासा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली, की ते मूळपदावर जाऊ शकते. प्रोग्रॅम बिचारा कॅमेऱ्याने लिहिलेली तारीखच खरी मानतो. मग तुमचे संमेलन कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या फोल्डरात जाऊन बसते.

काही फोटो उघडतात, काही नाही? फायलीच्या नावाचा शेवट पाहा. आयफोन २०१७ पासून 'एचईआयसी' प्रकारात फोटो ठेवू लागले. जुन्या प्रोग्रॅमना ही भाषा कळत नाही. नव्या कॅमेऱ्याच्या 'रॉ' फायलींचेही तसेच. इथे दोष फोटोचा नाही, नवी आवृत्ती घेतली की काम भागते.

फोटो फिकट दिसतात, निवडताच येत नाहीत? 'लाइटरूम'मध्ये एकदा घेतलेले फोटो पुन्हा न घेण्याची सोय आहे. म्हणजे ते आधीच आत आलेले असणार. शोधा पाहू!

आणि हो, संगणकात जागा शिल्लक आहे ना? एक फोटो ५ एमबीचा धरला, तर २०० फोटोंना १००० एमबी, म्हणजे सुमारे १ जीबी लागतो.

पट्टी अडकली तर?

आधी ठरवा, ती अडकली आहे की नुसती हळू चालली आहे? किती फोटो झाले तो आकडा कागदावर लिहा. घड्याळ लावून दहा मिनिटांनी परत पाहा. आकडा वाढला असेल, तर धीर धरा. डिजिकॅममध्ये मागे चाललेली कामे खिडकीच्या खालच्या बाजूला दिसतात, तिथून ती थांबवताही येतात. पण रागाने संगणकाची वायर उपटू नका. हजेरीवही अर्धवट लिहिली गेली, तर सगळाच गोंधळ!

आकडा मुळीच हलत नसेल, तर एखादी बिघडलेली फाइल वाट अडवून बसलेली असू शकते. २०० मधून ती कशी शोधायची? एकेक तपासायला नको. काम थांबवा. फोटोंची नक्कल वेगळ्या फोल्डरात घ्या आणि तिचे १००-१०० असे दोन भाग करा. ज्या भागावर पट्टी अडते, त्याचे पुन्हा दोन भाग, ५० आणि ५०. मग २५, १३, ७, ४, २ आणि १. जास्तीत जास्त आठ फेऱ्यांत चोर सापडतो! गणिताच्या तासाला "याचा उपयोग काय?" असे विचारता ना? हा घ्या उपयोग.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, कार्ड आणि प्रोग्रॅम तिन्ही एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

मग कार्ड पुसायचे तरी कधी?

फायलींची संख्या जुळली, एवढ्यावर जाऊ नका. छोट्या चित्रावरही विसंबू नका. कॅमेरा बहुधा प्रत्येक फोटोच्या फायलीत सुरुवातीलाच एक छोटे चित्र ठेवतो. त्यामुळे छोटे चित्र झकास दिसते आणि मोठा फोटो उघडावा, तर खालचा अर्धा भाग करडा! म्हणून पहिला, शेवटचा आणि मधले दहा-बारा फोटो पूर्ण आकारात उघडून पाहा. सगळ्या फोटोंची आणखी एक नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवा. मगच कार्ड पुसा.

आणि चुकून कुणी आधीच पुसले, तर? त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुष्कळदा पुसताना फक्त यादी जाते, फोटो मागे राहतात. जाणकाराकडे नेले, तर ते परत मिळू शकतात. नवे फोटो त्यांच्यावर बसले, की मात्र आशा सोडा.

आता एक काम करा. घरातल्या फोनमध्ये आजी-आजोबांचे फोटो असतील. त्यांची दुसरी नक्कल कुठे आहे, हे आजच आई-बाबांना विचारा. "कुठेच नाही" असे उत्तर आले, तर या रविवारचा गृहपाठ कोणता, हे मी वेगळे सांगायला नकोच!