नवे काय आले?

आता आपल्याला वाचता येऊ लागले आहे. हातात मोबाइलही आहे. मग रोज वाचायला काय मिळते? पुष्कळ मिळते. पण ते बहुधा दुसऱ्याने निवडलेले असते. कोणी निरोप पुढे ढकलतो, तो आपण वाचतो. फेसबुक उघडावे, तर त्याला वाटेल ते वर येते, वाटेल ते खाली राहते. आपल्या कामाची गोष्ट कालच कोणी लिहिली असेल. ती मात्र आपल्याला दिसतच नाही.

समजा, तुमच्या आवडीची दहा संकेतस्थळे आहेत. संकेतस्थळ म्हणजे इंटरनेटवरची एखाद्याची जागा. एकावर शेतीची माहिती येते. दुसऱ्यावर सरकारी घोषणा येतात. तिसऱ्यावर एखादे मास्तर गडकिल्ल्यांवर लिहितात. आता मास्तर काही रोज लिहीत नाहीत. कधी आठवड्यात दोन लेख, कधी दोन महिने काहीच नाही. मग तुम्ही रोज त्यांच्या दारात जाऊन बघणार का? चार दिवस जाल, पाचव्या दिवशी विसराल. आणि नेमका त्याच दिवशी लेख येईल!

यावर एक सोपी तोड आहे. तिला फीड म्हणतात.

ग्रामपंचायतीत फळा असतो ना? नवी सूचना आली की ती फळ्यावर लिहितात. पुष्कळ संकेतस्थळे असाच एक फळा ठेवतात. नवा लेख आला, की त्याचे नाव, तारीख, थोडा मजकूर आणि पत्ता त्या फळ्यावर आपोआप चढतो. हा फळा माणसांनी वाचण्यासाठी नसतो बरे का! उघडून पाहिलात, तर नुसते खुणांचे रान दिसेल. तो वाचायला एक गडी लागतो. हा गडी म्हणजे फीड वाचणारे ॲप. फीडली, इनोरीडर ही त्यांतली दोन नावे. साध्या वापराला पैसे पडत नाहीत. तुम्ही गड्याला दहा पत्ते सांगून ठेवायचे. तो वरचेवर दहाही फळे बघून येतो आणि नवे असेल तेवढे तुमच्यापुढे मांडतो. ताजे ते वर, शिळे ते खाली. दहा हेलपाट्यांचे काम एका जागी होते.

हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीने १९९९ साली अशी फीड काढली. तिला आरएसएस म्हणतात. पुढे अनेकांनी तिच्यात सुधारणा केली. २००० सालचे तिचे नियम लिहिणाऱ्यांत ॲरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता. वय अवघे १४ वर्षांचे! हे नियम सर्वांना खुले आहेत. त्यामुळे कोणत्याही संकेतस्थळाला फळा लावता येतो आणि कोणालाही गडी बनवता येतो.

आता आपण करून पाहू. ॲप मोबाइलवर घ्या. त्यात अधिकाची खूण असते. ती दाबली की पत्ता लिहायला जागा येते. आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता तिथे टाका. फळा कुठे आहे, हे ॲप बहुधा आपणच हुडकते. नाही सापडला, तर पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ मारून 'फीड' हा शब्द इंग्रजीत लिहून बघा. वर्डप्रेसवर बांधलेल्या संकेतस्थळांचा फळा तिथेच असतो, आणि अशी संकेतस्थळे अगणित आहेत. एखाद्या संकेतस्थळावर केशरी चौकोन आणि त्यात पांढऱ्या लाटा दिसल्या, तर तीही फीडचीच खूण समजा. सरकारी बातम्या देणारे पत्र सूचना कार्यालय फीड देते. मराठी विकिपीडियावर झालेले ताजे बदलही फीडने कळतात. वाचून डोळे दुखत असतील, तर ऐकायचीही सोय आहे. पॉडकास्ट नावाचे जे बोलके कार्यक्रम असतात, ते याच आरएसएस फीडवर चालतात.

सगळीकडे फळा असतो असे मात्र नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आपल्या पानांची अशी फीड देत नाहीत. आपण त्यांच्याच अंगणात बसून राहावे, असे त्यांना वाटते. शिवाय फळ्यावर जागा थोडी असते. वर्डप्रेस ठरीव म्हणून शेवटचे १० लेखच दाखवते. जुने हवे असतील, तर मूळ जागीच जावे लागते. आणि गडी निरोप आणतो, तो खरा की खोटा हे तपासत नाही. म्हणून पत्ते देतानाच माणूस पारखून द्यावा.

आणखी एक. गूगल कंपनीचा एक गडी फार लोकांच्या पसंतीचा होता. गूगल रीडर त्याचे नाव. १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. लोक हळहळले. पण ज्यांनी आपल्या पत्त्यांची यादी उतरवून घेतली होती, त्यांनी ती दुसऱ्या ॲपला दिली आणि वाचन पुढे चालू ठेवले. तुमच्या ॲपमध्येही यादी बाहेर काढायची सोय आहे का, ते आधी बघून घ्या.

यादी फार वाढवू नका. पन्नास पत्ते दिलेत, तर वाचायचे केव्हा? आम्ही तरी सांगू, पाच-सहांनी सुरुवात करा. महिनाभर ज्याचे काही उघडलेच नाही, त्याचे नाव काढून टाका. कोणी काढले हे त्याला कळत नाही, तेव्हा रागावण्याचा प्रश्नच नाही.