उतारवयातला गळा

गेला महिनाभर आमच्या घरी एकच वाद चालू होता. सासूबाईंनी पुन्हा एकदा गाणी ध्वनिमुद्रित करावीत की करू नयेत?

त्याचे असे झाले. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात सासूबाईंचे जुने भजनी मंडळ आहे. एकादशीला भजने, आखाजीला गौराईची गाणी, श्रावणात कानबाईची. 1994 साली मंडळातल्या अकरा जणींनी पैसे जमवून एक कॅसेट काढली होती. विकायला नव्हे हो, लेकीबाळींना सासरी देण्यापुरती. त्या अकरांपैकी आता पाच जणी उरल्या आहेत, आणि पेटी वाजवणाऱ्या काकूही गेल्या. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. नणंदेच्या मुलाने टूम काढली की आजीची आणि तिच्या मैत्रिणींची शेवटची म्हणून आठ-दहा गाणी नीट मुद्रित करून ठेवू.

आमचे ‘हे’ म्हणाले, अजिबात नको. त्यांचेही अगदी चूक नव्हते. जुन्या कॅसेटमधला आईचा आवाज घंटेसारखा खणखणीत आहे. आता वरच्या सुरांत तो कापतो, ओळ संपायच्या आधी दम संपतो. “माझ्या कानांत तो आवाज आहे, तोच राहू दे,” असे म्हणून ते उठून गेले. मुलगा आईच्या आवाजाबद्दल असे बोलतो तेव्हा त्यात प्रेम किती आणि भीती किती, हे आपण बायकांनी ओळखावे.

मी शाळेतल्या माझ्या दोन तासिका घेऊन परतताना याच विचारात असे. हा प्रश्न काही आमच्या एकट्याच्या घरचा नाही. इंग्लंडातल्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने 2023 मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होता. नव्या गाण्यांचा त्याआधीचा अल्बम 2005 चा! त्यांचे ड्रम वाजवणारे चार्ली वॉट्स 2021 मध्ये वारले होते, पण त्यांनी आधी वाजवून ठेवलेले दोन गाण्यांत घेतले आहे. ते कळल्यावर मला आमच्या पेटीवाल्या काकू आठवल्या. मला ती गाणी फारशी कळत नाहीत, पण गेलेल्या माणसाची जागा अशी राखून ठेवणे मात्र कळते.

आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे लताबाईंचे. त्यांच्या आईचे माहेर आमच्याच खानदेशातले, तापीकाठचे थाळनेर. तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क आम्ही घरचा समजतो! 1942 साली तेरा वर्षांच्या वयात त्यांनी सिनेमासाठी पहिले गाणे गायले. साठी झाली, सत्तरी झाली, गाणे चालूच होते. “आता थांबायला हवं होतं,” असे म्हणणारे तेव्हा घरोघरी होते. माझ्या माहेरीही होते.

मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या. 2004 च्या ‘वीर-झारा’त तरुण प्रीती झिंटासाठी पंचाहत्तरीच्या लताबाई गातात. गाणी गोड आहेत, पण पडद्यावरची मुलगी आणि तो गळा यांच्यात मला कुठेतरी फट जाणवते. मग दोनच वर्षांनी आलेल्या ‘रंग दे बसंती’तले ‘लुका छुपी’ ऐका. लपाछपीत हरवलेल्या मुलाला आई हाका मारते आहे, आणि मुलगा तर या जगातच नाही. तिथे आवाजातले वय खुपत नाही, उलट तेच गाण्याला हवे असते. तिशीतल्या गळ्यातून ती हाक तशी आली नसती. पुढे 2007 मध्ये त्यांनी ‘सादगी’ हा गझलांचा अल्बम काढला, आणि 2019 च्या मार्चमध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, जवानांसाठी एक गीत गायले. 2022 मध्ये त्या गेल्या.

उलट बालगंधर्वांचे पाहा. साठी ओलांडल्यावरही ते शालू नेसून तरुण नायिका म्हणून रंगभूमीवर उभे राहत. भक्त तरीही डोळे मिटून ऐकत, आणि काही जणांना मात्र बघवत नसे. म्हणजे म्हातारपणी गाणे ही चूक नव्हे. म्हातारपणी तरुण असल्यासारखे गाणे अवघड.

एवढे सुचल्यावर मी सासूबाईंपाशी बसले. जुनी कॅसेट लावली. त्या ऐकत राहिल्या आणि आमच्या अहिराणीत म्हणाल्या, “ते त्या बाईनं व्हतं. हाई मनं शे.” ते त्या बाईचं होतं, हे माझं आहे. मग त्यांनीच गाणी निवडली. फुगडीची, झोक्याची चढी गाणी स्वतः वगळली. राहिली ती लेकीला निरोप देणारी, आणि कानबाईची दोन.

कुणाच्या घरी असा बेत निघालाच तर आमचा अनुभव उपयोगी पडेल. वय वाढले की बायकांचा आवाज खाली उतरतो. म्हणून जुन्याच सुरात गाण्याचा हट्ट धरू नये. आम्ही पेटीवर काळी चारवरून पांढरी चारला आलो आणि निम्मा कापरा तिथेच गेला. श्वास तोकडा पडतो, तेव्हा लांब ओळ दोघींनी वाटून घ्यावी. खोलीत गाद्या-गोधड्या राहू द्याव्यात, आवाज घुमत नाही. पंखा आणि फ्रीज दोन्ही बंद करावेत (फ्रीज पुन्हा सुरू करायला विसरू नये, आमचे दूध नासले). मोबाइल जमिनीवर न ठेवता घडी घातलेल्या चादरींवर, हातभर अंतरावर ठेवावा. वेळ सकाळची, न्याहारीनंतर तासाभराने. आणि मधून मधून कोमट पाणी.

गेल्या रविवारी पाचही जणी आल्या. ‘हे’ सकाळीच शेतात निघून गेले होते. पेटी माझ्याकडे आली, मी आपली सूर धरण्यापुरती वाजवते. तिसऱ्या गाण्यात सासूबाईंचा आवाज मध्येच फुटला. भाचा म्हणाला, “आजी, परत घेऊ या.” त्या म्हणाल्या, “राहू दे. पुढचं लाव.”

पाचव्या गाण्याच्या वेळी माझे लक्ष ओसरीकडे गेले. ‘हे’ केव्हा परतले कुणास ठाऊक, चपला हातात घेऊन दाराशी बसले होते. मी पेटी थांबवली नाही. गाणे संपल्यावर सासूबाईंनी मान वळवून पाहिले आणि म्हणाल्या, “आलास? मग त्या मागच्या म्हशीला आधी चारा टाक, मघापासून हंबरतेय. गाण्यात येईल.”

ती आलीच आहे. सहाव्या गाण्यात, अगदी स्पष्ट.